शिळेवरची दीपमोहिनी

चैत्र लागला की खारवेळ बंदराला पहाट आधी वासानं कळते आणि मग उजेडानं. सुरंगीचा सुवर्णगंधी दरवळ, काजूच्या मोहोराचा तुरट मद, ओहोटीच्या ओल्या वाळूचा खारा निःश्वास, हे तिघे हातात हात घालून गल्लीबोळांतून हिंडून येतात आणि त्यांच्या मागून, पाऊल न वाजवता, पूर्व येते. पाडवा नुकताच झाला होता. दारोदारच्या गुढ्या उतरल्या होत्या, पण गावाच्या अंगावरचा सण अजून उतरला नव्हता. त्या दिवशीही पूर्व तशीच आली. फक्त त्या दिवशी तिला एक काम होतं.

बंदराच्या चौकात मिठाच्या जुन्या वखारीची एक उंच, उदास, आंधळी भिंत होती. ना खिडकी, ना झरोका. त्या भिंतीवर आदल्या सांजेला खळ फासून एक भलाथोरला कागद डकवला होता. अंधारात तो नुसता काळोखाचा चौकोन होता. मग उजेडाचं पहिलं बोट भिंतीला लागलं आणि त्या चौकोनात पिवळा जागा झाला. दिव्याचा पिवळा, झेंडूचा पिवळा, जरीकाठाचा पिवळा. पिवळ्याच्या पाठोपाठ तांबडा उठला, कुंकवाचा आणि मखमली पडद्याचा. तांबड्याच्या पाठोपाठ निळा, संध्यामग्न समुद्राचा, मोरकंठी चोळीचा. छापखान्यातल्या शिळांनी ज्या क्रमानं ते रंग कागदाला दिले होते, त्याच क्रमानं सूर्यानं ते पुन्हा एकदा दिले. सगळ्यांत शेवटी काळी रेघ उठली, आणि त्या रेघेत एक बाई उभी राहिली.

समोरच्या पिंपळाच्या पाराआड सगुणा आरोंदेकर श्वास रोखून उभी होती. भिंतीवरची बाई म्हणजे ती स्वतःच होती.

बिऱ्हाडात सगळे घोरत असताना ती डोक्यावरून शाल ओढून, चोरपावलांनी, एकटीच बाहेर पडली होती. नाटकमंडळीतल्या बाईनं असं पहाटे एकटं भटकू नये, हे तिला ठाऊक होतं. पण जिचं चित्र भिंतीवर लागलं आहे तिला झोप कशी यावी? लहानपणापासून ती नाचत आली होती. आरोंद्याच्या देवळाच्या चौकात आईनं तिच्या चिमुकल्या पावलाखाली पालथी घागर दिली होती, डोक्यावर पितळेची दिवली ठेवली होती, उजव्या तळहातावर पंचारती दिली होती, आणि म्हटलं होतं, "फिर." तेव्हापासून ती फिरत होती. जत्रांतून, मांडवांतून, ह्या तालुक्यातून त्या तालुक्यात. हजारो डोळ्यांनी तिला पाहिलं होतं. पण कुणी तिला काढलं नव्हतं. तिचा फोटो नव्हता, चित्र नव्हतं. आपण कशा दिसतो ते तिला एकाच जागी माहीत होतं, रंगपटातल्या पारा उडालेल्या आरशात.

आणि आता ती तिच्यापेक्षा उंच होऊन भिंतीवर उभी होती!

कागदाच्या माथ्यावर कमानदार अक्षरं होती, 'आनंदविलास विविधकला मंडळी'. कमानीखाली सगळं गोकुळ जमलं होतं. इकडे काळ्या टोपीतून कबुतरं उधळणारा जादूगार, तिकडे एकाच चाकाच्या सायकलीवर छत्री धरून बसलेला विदूषक. इकडे मांडीवरच्या लाकडी बाहुल्याला बोलकं करणारे बुवा, तिकडे छातीवर दगड फोडून घेणारा पैलवान, ज्याच्या मिशा चित्रात होत्या त्याहून प्रत्यक्षात निम्म्याच होत्या. पण ही सगळी मंडळी कडेकडेनं, अंग चोरून उभी होती. मधोमध, पौर्णिमेच्या पिवळ्याधमक वर्तुळात, पालथ्या घागरीवर एका पायानं पेललेली, मस्तकी दीप, करी दीप, नेत्रांत दीप, अशी ती. तिच्या पायाशी तीन ठसठशीत शब्द होते, 'दीपमोहिनी सगुणाबाई आरोंदेकर'. तळाशी, बारीक अक्षरांत, मंडळीचं ब्रीद होतं, 'जे चित्रात, तेच चौकटीत', म्हणजे रंगमंचाच्या चौकटीत.

सगुणेनं इकडेतिकडे पाहिलं. चौक रिकामा होता. तिनं शाल खांद्यावर टाकली, कागदासमोर उभी राहिली आणि हळूच उजवा हात वर केला. चित्रातलीनंही त्याच बाजूचा हात वर केलेला होता. तिनं उजवं पाऊल टेकून डावं उचललं. चित्रातलीनंही बरोबर तेच केलं होतं. मान कलली, मान जुळली. नथ जुळली, केसांतला भांग जुळला, गालावरचा तीळही जुळला. आरशात बघावं तसं सगळं तंतोतंत. तिला एकटीलाच हसू फुटलं. ज्यानं हे काढलं त्यानं आपल्याला इतकं निरखून कधी पाहिलं, हा प्रश्न तिला त्या हसण्याच्या शेवटी पडला, आणि मग ती थोडी लाजली.

"गो बाय, ही तूच मा?"

सगुणा दचकली. सुरंगीच्या वळेसरांची, गजऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन एक म्हातारी मागं उभी होती. बंदराच्या चौकात वखारीच्या भिंतीला पाठ लावून जन्मभर फुलं विकणारी ही भागीबाय. चौकातली प्रत्येक जाहिरात तिच्या पाठीवरच लागत असे, त्यामुळे ह्या गावच्या करमणुकीवर आपला थोडा हक्क आहे असं तिला प्रामाणिकपणे वाटे.

"होय, मीच," सगुणा म्हणाली.

"मगे नथ उजवेकडे कशी गेली? आणि दिवो डाव्या हातात?" भागीबायनं चित्राकडे, मग सगुणेकडे, मग पुन्हा चित्राकडे पाहिलं. "डाव्या पायार नाचतंस तू?"

सगुणेनं भिंतीकडे पाठ केली. चित्रातली जशी उभी होती तशी, भागीबायकडे तोंड करून उभी राहिली, आणि दिव्याचा हात उचलला. हात उजवा होता. चित्रातला डावा होता. क्षणापूर्वी जे आरशासारखं जुळलं होतं, ते आरशासारखंच उलटं होतं.

"आमी खेळाक येतलंव तेवा कागद घेवन येतलंव हां," भागीबाय टोपली उतरवत म्हणाली. आवाजात धमकी नव्हती, नुसती माहिती होती. "माझे डोळे म्हातारे झाले, पण आंधळे नाय."

कागद घेऊन खेळाला जायची ही गोष्ट खारवेळच्या बाहेर कुणाला खरी वाटत नाही. फार वर्षांपूर्वी एक कंपनी ह्या बंदरावर उतरली होती. जाहिरातीत जबडा वासलेला वाघ होता, आणि मांडवात पट्टेदार घोंगडी पांघरलेला एक ढेरपोट्या माणूस रांगत आला. त्याला भर खेळात शिंकसुद्धा आली. गावानं त्या दिवशी कानाला खडा लावला. तेव्हापासून कुठलाही खेळ आला की खारवेळकर जाहिरातीचे छोटे कागद घरी जपून ठेवत, मांडवात मांडीवर घेऊन बसत आणि एकेक प्रवेश चित्राशी ताडून पाहत. जुळला की टाळी. नाही जुळला, की सगळा मांडव एकदम उठे, आरडाओरड न करता कागद तिथंच जमिनीवर ठेवी, आणि घरी जाई. ती शांतता ज्यांनी अनुभवली त्या कंपन्या पुन्हा ह्या किनाऱ्याला फिरकल्या नाहीत.

सूर्य हातभर वर येईतो बिऱ्हाडात बातमी पोचली होती. मंडळीचे मालक दाजीसाहेब केळुसकर अंगरख्याची बटणं उलटसुलट लावून अंगणात येरझारा घालत होते. हातात त्याच चित्राचा छोटा कागद होता, पतंगाच्या कागदाइतका पातळ, गावात घरोघर वाटलेला.

"रघुवीर, अहो काय करून ठेवलंत हे! चित्रात डावी, चौकटीत उजवी! आणि तीही ह्या गावात!"

रघुवीर चितारी तुळशीवृंदावनाशी मान खाली घालून उभा होता. सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या आळीतला, लाखेच्या रंगांत वाढलेला, गंजिफाच्या पत्त्यांतल्या रुपयाएवढ्या गोल पानावर अख्खा दशावतार उभा करणारा हा अबोल, लांबसडक बोटांचा माणूस. छपाईच्या शिळेवर चित्र काढायची ही त्याची पहिलीच वेळ होती. बेळगावच्या छापखान्यात बसून त्यानं एकट्यानं हे सगळं रेखलं होतं. जादूगार बरोबर होता. विदूषक बरोबर होता. पैलवानाच्या मिशा सोडल्या तर पैलवानही बरोबर होता. चुकली होती ती फक्त सगुणा.

"नवी चित्रं छापून यायला वेळ नाही. पौर्णिमेला खेळ," दाजीसाहेब थांबले. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण ब्रीदाचं नाव निघालं की त्यांना दुसरं काही दिसत नसे. "सगुणाबाई, तुमचा प्रवेश ह्या गावात होणार नाही. आणि रघुवीर, तुम्ही सावंतवाडी गाठा. मंडळीला चितारी दुसरा मिळेल."

बुवांच्या मांडीवरचा बाहुलासुद्धा गप्प बसला.

"प्रवेश होईल, दाजीसाहेब."

आपण बोललो हे सगुणेला स्वतःचा आवाज ऐकल्यावर कळलं.

"चित्रात आहे तस्साच होईल. डाव्या पायावर, डाव्या हातात दिवा घेऊन. आणि तसा झाला, तर चितारीही मंडळीत राहतील."

"आणि नाही झाला तर?"

"तर आम्ही दोघंही जाऊ."

'आम्ही दोघंही' हे शब्द अंगणात जरा जास्तच वेळ रेंगाळले. ते आधी ऐकले विदूषकानं, त्यानं भुवया उंचावल्या. मग ऐकले रघुवीरनं, त्यानं मान वर केली. सगळ्यांत उशिरा ऐकले सगुणेनं, आणि ती पदर सावरायचं निमित्त करून आत पळाली.

आणि मग सुरू झाली डाव्या पायाची शाळा.

रोज पहाटे ओहोटीनं मागं टाकलेल्या ओल्या, घट्ट, चंद्रवर्णी वाळूवर ती घागर पालथी घाली. डोक्यावर दिवली, डाव्या तळहातावर पंचारती. जन्मभर लाडावलेला उजवा पाय वर उचलला जाई आणि जन्मभर नुसता मागून आलेला डावा पाय पुढं होई, भांबावलेला, भित्रा, गावात नव्यानं आलेल्या सुनेसारखा. एक गिरकी पुरी व्हायच्या आत घागर कलंडे. दिवली निसटे. तेल वाळूत सांडे आणि लाटा येऊन ते पुसून टाकत. ती उठे, वाळू झटके, पुन्हा चढे. पुन्हा पडे, पुन्हा चढे. गुडघे सोलवटले, कोपर सुजलं. पण नवल असं की ह्या सगळ्यात तिला दुःख म्हणून होत नव्हतं. कितीतरी वर्षांनी तिला न येणारं काहीतरी मिळालं होतं, आणि ते येत नव्हतं म्हणूनच ती पहाटेची वाट पाहत झोपत होती.

दुपारी ती रंगपटातल्या आरशासमोर उजव्या पायावर नाचे. नेहमीसारखी, चूक न करता. आरशातली मात्र तेव्हा डाव्या पायावर नाचत असे, तीही चूक न करता. सगुणा तिच्याकडे बघत राही. तिचा खांदा कुठं झुकतो, टाच कधी फिरते, श्वास कुठं घेतला जातो. हिला येतं, मग मला का येऊ नये? तिला त्या आरशातलीचा चक्क हेवा वाटू लागला. स्वतःचाच हेवा करणारी बाई मंडळीत ती पहिलीच असावी.

एका पहाटे वाळूवर ठेवताना तिला घागरीच्या पालथ्या तळावर एक ठिपका दिसला. लाखेचा, तांबडा, गुळगुळीत, गुंजेएवढा. डाव्या अंगठ्यानं नेमका जिथं टेकावं तिथं. लाख तापवून, घोटून, चकाकी येईतो बसवलेला. तिनं वर पाहिलं. सुरूच्या झाडाखाली रघुवीर उभा होता, आणि आता पळून जावं की थांबावं हे न कळून दोन्ही करत होता.

"चितारी," तिनं हाक मारली. "एक विचारू? बाकी सगळी मंडळी सरळ इली. मीच कशी उलटी झालंय?"

तो पुढं आला. बोटांना लागलेली लाख नखानं खरवडत, तिच्याकडे न बघता बोलू लागला.

"बाकीच्यांका मी आधी कागदार काढलंय. मगे कागद पालथो घालून शिळेर उतरयलंय. तसा करूचा लागता, नायतर छापताना सगळा उलटा येता." लाटेचं पाणी दोघांच्या पायांशी आलं, गेलं. "तुमका कागदार काढूक धीर झालो नाय. थेट शिळेर काढलंय. डोळ्यांसमोर होतास तशाच."

"म्हणजे माका उलटी करूक तुमका जमला नाय."

"नाय जमला."

एवढंच. तिला तेवढं पुरे होतं. पूर्वेला कुंकू सांडलं. समुद्रानं ते उचललं आणि क्षितिजभर माखून घेतलं. सगुणेनं डावा अंगठा त्या तांबड्या ठिपक्यावर टेकला, हात उचलला, आणि फिरली. एक गिरकी. दुसरी. तिसरी. घागर हलली नाही. ज्योत विझली नाही. फिरता फिरता तिला समुद्र दिसला, सुरू दिसले, तो दिसला. पुन्हा समुद्र, पुन्हा सुरू, पुन्हा तो. ती आनंदानं ओरडलीच.

पौर्णिमा आली. माडाच्या झापांचा मांडव दिवेलागणीलाच तुडुंब भरला. बंदरावरच्या होड्यांचे तांडेल आले, वखारीतले हमाल आले, मुलाबाळांना काखोटीला मारून बाया आल्या. वळेसरांच्या वासानं मांडव घमघमला. पुढच्या रांगेत, आपल्या हक्काच्या जागी, भागीबाय मांडी ठोकून बसली. प्रत्येकाच्या मांडीवर तो पातळ कागद होता. वाऱ्याची झुळूक आली की सगळे कागद एकदम फडफडत, जणू मांडवात एक मोठं थोरलं झाड बसलं होतं. रंगमंचावर गॅसबत्त्यांचा पांढराशुभ्र उजेड सांडला होता. मांडवाच्या अगदी टोकाशी, शेवटच्या खांबाला टेकून रघुवीर उभा होता. त्याची वळकटी त्याच्या पायाशी बांधून ठेवलेली होती.

कबुतरं उडाली, जुळली, टाळी. एकचाकी फिरली, जुळली, टाळी. बाहुला बोलला, त्यानं दाजीसाहेबांची नक्कलही करून घेतली. पैलवानाच्या मिशांपाशी थोडी कुजबुज झाली, पण दगड खरा फुटला म्हणून गावानं त्या माफ केल्या. आणि मग तबला सावकाश बोलू लागला, पेटीनं सूर धरला, तांबडा पडदा दुभंगला, आणि दीपमोहिनी आली.

मोरकंठी चोळी, झेंडूरंगी नऊवारी, कमरेला खोचलेला पदर. चापाची नथ उजवीकडे. दिवा डाव्या हातात. मांडवभर कागद वर झाले, डोळे कागदावरून तिच्यावर आणि तिच्यावरून कागदावर जाऊ लागले. सगुणेला भीती होती, खोटं का बोला. पण भीतीच्या बरोबरीनं, भीतीहून काकणभर सरस, एक अनावर उत्सुकता होती. तिनं डावा अंगठा ठिपक्यावर टेकला आणि उजवं पाऊल जमिनीपासून सोडवलं.

फिरली. दीप फिरले, सावल्या फिरल्या, मांडव फिरला. मस्तकी दीप, करी दीप, नेत्रांत दीप. ज्या दिशेला ती कधी वळली नव्हती त्या दिशेला सगळं जग वळत होतं, आणि तिथंही उजेड होता! मध्येच समुद्रावरून एक अवखळ वारा झापांतून घुसला. ज्योत आडवी झाली. दिवली तसूभर कलली. मांडवात कुणाचा तरी श्वास 'हाय' करून सुटला. सगुणेनं डोळे मिटले आणि अंगठ्याखालचा तो गुळगुळीत, गुंजेएवढा कण घट्ट धरला. खांदा झुकला, जसा आरशातलीचा झुकत असे. दिवली सरळ झाली. ज्योत उभी राहिली. तबल्यानं सम गाठली, आणि समेवर ती थांबली, निश्चल, निष्कंप, चित्रातल्यासारखी चित्र होऊन.

जुळलं! टाळ्यांचा असा कल्लोळ उठला की बाहेरच्या माडांवरचे कावळे उडाले. दाजीसाहेबांनी विंगेत डोळे पुसले आणि कुणी पाहिलं नाही ना, हे पाहिलं. शेवटच्या खांबाशी रघुवीरनं वळकटीची गाठ सोडली.

इथं प्रवेश संपायचा. पण सगुणा उतरली नाही.

तिच्या उजव्या पायाला शिवशिवत होतं. इतके दिवस तो रुसून बसला होता, हवेत लोंबकळत, आईनं शिकवलेलं सगळं पोटात घेऊन. आणि तिला वाटलं, चित्रातलं गावाला दिलं. पण ज्यानं चित्र काढलं त्यानं जिला पाहिलं होतं, ती अजून आलीच नाही. तिनं डोक्यावरची दिवली तशीच पेलत, मान सूतभर न हलवता, मोकळ्या हातानं नथेचा चाप सोडला. नथ उजवीकडून काढली, डावीकडे घातली. पंचारती डाव्या तळहातावरून उजव्या तळहातावर घेतली. आणि पाऊल बदललं.

मांडवभर डोळे पुन्हा कागदाकडे वळले.

हे कागदावर नव्हतं. तबलजीचे हात अडखळले. विंगेत दाजीसाहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, 'जे चित्रात, तेच चौकटीत', आणि त्यांचा हात पडद्याच्या दोरीकडे गेला. पहिल्या रांगेत कुणी तरी कागद जमिनीवर ठेवायला वाकलंसुद्धा. सगुणेला ते दिसलं. जे आता मिळवलं होतं ते सगळं आता जाणार, हे तिला लख्ख कळलं. तरी ती थांबली नाही. उजव्या पायावर, उजव्या हाती दीप घेऊन, आईनं फिरवलं होतं तशी, ती फिरू लागली.

पुढच्या रांगेतून भागीबाय उठली. म्हातारीनं आपला कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, नाक मुरडलं. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं तो पालथा केला, चित्राचं तोंड रंगमंचाकडे, पाठ आपल्याकडे, आणि गॅसबत्तीच्या उजेडासमोर धरला. पातळ कागदातून उजेड आरपार आला. अक्षरं उलटी झाली. जादूगार डावखुरा झाला. आणि मधली बाई सरळ झाली, उजव्या पायावर, उजव्या हातात दिवा, डावीकडे नथ.

"अगो बाय!" भागीबायचा चिरका आवाज मांडवभर गेला. "ही पण आसा हयसर! कागद परता! उजेडाक धरून बघा!"

एक कागद परतला. दुसरा परतला. वाकलेल्या माणसानं जमिनीवरचा कागद पुन्हा उचलला. मग रांगाच्या रांगा, सळसळत, खळखळून हसत, सगळा मांडव परतला. दाजीसाहेबांचा हात दोरीवरून खाली आला. तबलजी सावरला, आणि असा वाजला, असा वाजला की विचारू नका.

सगुणा फिरत होती. तिच्यासमोर उंच धरलेल्या शेकडो कागदांवर शेकडो सगुणा उभ्या होत्या. त्यांची तोंडं तिच्याकडे होती, तिनं हात उचलावा आणि त्यांनीही त्याच बाजूचा उचललेला असावा, आरशातल्यासारख्या, जशी ती स्वतःला जन्मभर ओळखत आली होती तशा. आणि त्यांच्यापलीकडे, मांडवाच्या टोकाशी, शेवटच्या खांबाजवळ, एका माणसानं लांबसडक बोटांनी आपला कागद उजेडाकडे धरला होता. त्या बाजूनं काय दिसतं आहे, हे तिला न पाहताच कळलं. बेळगावच्या छापखान्यात, गार शिळेवर, कागदाचा आडोसा न घेता त्यानं जी काढली होती, ती. छापताना हरवलेली, आता उजेडातून परत आलेली, ती.

बाहेर पौर्णिमा माडांवर चढत होती. आत कागद थरथरत होते. कागदाच्या ह्या अंगाला ती, त्या अंगाला ती; मध्ये एवढासा पातळ पडदा, आणि पडद्यातून आरपार उजेड. ती फिरली, फिरली, फिरत राहिली. आणि प्रत्येक फेरीत, समुद्राच्या जागी, सुरूंच्या जागी, एकच एक दिसत राहिला तो वर धरलेला कागद, आणि त्याच्या कडेवरून तिच्याकडे बघणारे दोन डोळे.